लोणीचा वर्गणीदार

गेल्या जानेवारीत सायबर कॅफेत बसले असताना कळलं, की सरांचा पेपर बंद झाला.

फ्रान्समधल्या एका लहान शहरातून निघणारं ते फ्रेंच साप्ताहिक. ते माहीत असणारी पुण्यातली बहुतेक माणसं नव्वदच्या दशकात वाळुंज सरांच्या संध्याकाळच्या वर्गात बसलेली असायची. सर तरुणपणी त्या शहरातल्या शाळेत वर्षभर इंग्रजी शिकवायला गेले होते. ते ज्या घरात भाड्यानं राहिले, त्या घराचा मालक या पेपरात जुळारी होता, शिशाचे खिळे जुळवून पानं तयार करणारा. परत आल्यावर सरांनी पेपरची वर्गणी भरली ती कधी मोडली नाही. आमचं पाठ्यपुस्तक कपाटात आणि दोन महिने शिळा अंक टेबलावर, असा तो वर्ग. तिथल्या नगरपालिकेची भांडणं, नदीवरचा जुना पूल, बुधवारचा बाजार आम्हाला कसब्यापेक्षा जास्त पाठ. मी तर तो पूल पाहायची शपथच घेतली होती. शिष्यवृत्तीचा अर्जही भरला होता. त्याच वर्षी आईचं आजारपण निघालं, मग नोकरी लागली. आता मी यंत्रांच्या माहितीपुस्तिका फ्रेंचमधून उतरवते.

सर निवृत्त होऊन गावी, आंबेगावातल्या लोणीला गेले. आधी पत्रं यायची, मग थांबली. मीही नऊ वर्षांत फिरकले नाही. पॅरिसला असलेल्या मैत्रिणीनं शेवटचा अंक मिळवून पाठवला, तेव्हा तो पोस्टानं पुढे ढकलायची लाज वाटली. शनिवारी सकाळी शिवाजीनगरहून नाशिकची एसटी धरली.

कोणी या बाजूला जाणार असेल तर सांगते, खेडच्या घाटाचा भरवसा धरू नका. आमच्यापुढे कांद्याचा ट्रक बंद पडला आणि तासभर इंजिनाचा वास घेत बसलो. मंचरला उतरले तर लोणीची गाडी गेलेली. जीपवाला म्हणाला, "बसा ताई, दोनच शिटा राह्यल्यात." त्या दोन शिटांवर सहा जण बसले तेव्हा आम्ही हललो. जसजसं पूर्वेला जावं तसतशी हिरवाई विरळ होते. विहिरीपुरते कांद्याचे वाफे, बाकी ज्वारी, आणि मध्येमध्ये नुसतं माळरान. सरांनी एकदा फ्रेंचमध्ये 'माझं गाव' हा निबंध घातला होता आणि स्वतःचाही वाचून दाखवला होता. त्यातलं आभाळ बरोब्बर हेच होतं.

घर सापडलं, सर नव्हते. त्यांच्या भावजय अंगणात शेंगा निवडत होत्या.

"भाऊजी व्हय? ते आता लेकीकडं असत्यात, राजुरीला. डोळं गेलं त्यांचं. काचबिंदू म्हणत्यात."

पत्रं का थांबली ते आता कळलं.

"त्यांचा पेपर येत व्हता की," त्या म्हणाल्या. "म्हयनाभर झाला, आला न्हाई. आदीचं सगळं हाय. वाचता येत न्हाई म्हून काय टाकायचं का?"

आतून त्यांनी सुतळीनं बांधलेला गठ्ठा आणला. सगळ्या अंकांवरची कागदी पट्टी तशीच. फोडलेला एकही नाही. प्रत्येकावर छापलेलं सरांचं नाव आणि खाली 'लोणी'. "तिकडंच चालला तर न्या. आन शेंगा बी घ्या."

पुन्हा मंचर. तिथून नारायणगावच्या गाडीनं निघाले. कळंबला चहासाठी गाडी थांबली तेव्हा गरम भजी खाल्ली. गठ्ठा मांडीवर बघून शेजारच्या आजोबांनी विचारलं, "रद्दी का?"

"नाही, ताजे आहेत," मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे जरा जपून पाहिलं.

आळेफाट्याला गाडी बदलून राजुरीला पोचले तोवर उन्हं उतरली होती. सरांच्या मुलीचं, सुनंदाताईंचं, घर मळ्यात आहे. सर ओट्यावर खुर्चीत बसले होते. मी मुद्दाम फ्रेंचमध्ये नमस्कार केला. त्यांनी मान माझ्या दिशेनं वळवली.

"मेधा. तुझा 'र' अजून पुणेरीच आहे."

चहा झाल्यावर मी पट्ट्या फोडायला लागले. पहिल्या अंकाचा वास आला आणि सरांनी हात पुढे केला. कागद बोटांनी चाचपला, नाकाशी नेला. "वाच. मथळ्यापासून."

मी वाचत गेले. ते उच्चार सुधारत गेले. सुनंदाताई धारा काढून आल्या आणि उंबऱ्यात टेकल्या. "बाबा, एवढं काय असतंय ओ त्या पेपरात?"

"ह्यो पेपर चोरून सुरू झाला, बाई," सर म्हणाले. लेकीशी बोलताना त्यांची भाषा लोणीची व्हायची. "जर्मनांचं राज्य व्हतं तवा तळघरात छापायचे. सापडला तर जीव जायचा. लढाई संपल्यावर त्याच माणसांनी उजळ माथ्यानं काढला. अल्जेरियात यांच्याच फौजा लोकांना छळत व्हत्या, ते बी छापलं. निम्म्या गावानं पेपर घ्यायचा सोडला. घरमालकाच्या घरावर दगड पडले म्हणं."

"मग?"

"मग काय न्हाई. दुसऱ्या आठवड्याला पुन्हा छापला. आन ज्यांनी शिव्या दिल्या त्यांची पत्रं बी छापली, अग्रलेखाला लागून. आपलं मत मांडायचं तर समोरच्याला तिथंच जागा द्यायची, असा त्यांचा कायदा."

शेवटचा अंक माझ्या पिशवीतच राहिला. काढायचा धीर झाला नाही.

सकाळी गोठ्याशी सुनंदाताईंना सांगितलं. त्या बराच वेळ शेण ओढत राहिल्या. "नका सांगू ताई. महिनाभर रोज इचारत्यात, लोणीवरनं गठ्ठा आला का. तेवढाच त्यांना नाद हाय."

मी कबूल झाले. ओट्यावर येऊन उरलेले अंक वाचले. दहाच्या सुमाराला गठ्ठा संपला.

"आता पिशवीतला," सर म्हणाले.

मी फोडलेल्या पट्ट्या गोळा करायला लागले.

"नऊ वर्षांनी तू काही शेंगा द्यायला आली नाहीस."

सुनंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. मी शेवटचा अग्रलेख वाचला. खर्च परवडत नाही, जाहिराती आटल्या, वाचक आम्हाला सोडून गेले, म्हणून निरोप घेतो, असं त्यात होतं. सरांनी ते सोडून गेल्याचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं.

"हे चूक आहे. वही काढ."

त्यांनी फ्रेंचमध्ये सांगितलं, मी लिहिलं. मराठीत ते साधारण असं: "संपादक महोदय, आपल्या अग्रलेखाशी मी सहमत नाही. वाचक सोडून गेले असं आपण म्हणता. मी गेलेलो नाही. मला दिसेनासं झालं म्हणून काही अंक उघडायचे राहिले होते. ते काल आणि आज उघडून घेतले. नदीवरच्या पुलाच्या डागडुजीबद्दल आपण मांडलेलं मतही मला पटलेलं नाही, त्याविषयी वेगळं लिहीन."

सही त्यांनी स्वतः केली. ती ओळीखाली घसरली.

मग विचारलं, "तू जाऊन आलीस का तिकडं?"

"नाही, सर."

त्यांनी माझा हात शोधून थोपटला. "मलाही परत जायचं होतं," एवढंच म्हणाले. सुनंदाताईंनी बाजरीची भाकरी आणि शेंगांची आमटी वाढली. दुपारी मी आळेफाट्याहून पुण्याची गाडी धरली आणि सोमवारी पत्र पोस्टात टाकलं. उत्तराची आशा मला नव्हती. घरी पिस्टनच्या पुस्तिका वाट बघत होत्या.

एप्रिलमध्ये माझ्या पत्त्यावर पाकीट आलं. वर्गणी विभागातल्या एका बाईंचं. कार्यालय रिकामं करायला त्या एकट्याच मागे राहिल्या होत्या. लिहिलं होतं, तेवीस वर्षं मी दर आठवड्याला 'लोणी' ही पट्टी चिकटवत आले आणि दर वेळी वाटायचं, हा माणूस कोण असेल? पत्र छापायला आता पेपर नाही. म्हणून ते मोठ्या अक्षरांत टंकून, शेवटच्या अग्रलेखाशेजारी, मी इमारतीच्या दारावर लावलं आहे. बाहेरच्या बाजूनं.

मी राजुरीला फोन लावला आणि सगळं वाचून दाखवलं. पलीकडे म्हैस ओरडताना ऐकू येत होती.

"बाहेरच्या बाजूनं म्हणाली ना?" सरांनी विचारलं.

"हो, सर."

"मग येणारे-जाणारे वाचतील. बुधवारी बाजारला लई माणूस असतं तिथं."