मखमलीवर फिरवलेला हात

कटर बाईंबद्दल मी लिहावं, इतकी काही आमची ओळख नव्हती. शिवणकामाच्या कारखान्यात एकाच हॉलमध्ये बावीस वर्षं काढली, पण त्यांना मुलं किती, हे मला आजही सांगता येणार नाही. तरी एक गोष्ट मलाच नीट ठाऊक आहे, कारण त्यात चूक माझी होती.

मी मापं लिहिणारा. कशाला किती कापड लागेल ते आकडेमोड करून काढायचं, हे माझं काम. आकडे मला तोंडपाठ राहतात. पण डोळे मिटून कोटाची बाही आठवा म्हणाल, तर समोर नुसता अंधार. बाईंचं अगदी उलट. अक्षरं त्यांच्यापुढून मुंग्यांसारखी पळत. कापड टेबलावर पसरलं, की एकदा त्यावर नजर फिरवायच्या आणि मग खडूने आखत सुटायच्या. खोडणं नाही की पुन्हा मोजणं नाही.

मुख्य कटर निवृत्त झाले, तेव्हा साहेबांनी त्या जागेसाठी लेखी परीक्षा ठेवली. प्रश्न माझे, तपासणीही माझीच. बाई दोनदा नापास झाल्या. आता बाहेरून माणूस आणायचा आणि बाईंना धागे कापायला बसवायचं, असं ठरलं.

बाई थेट केबिनच्या दारात.

"साहेब, तुमचा कागद माझ्याशी बोलत नाही. तेच गणित कापडावर द्या, सोडवते."

"बाई, नियम म्हणजे नियम."

"मग मी इथेच उभी."

जेवणाची सुट्टी झाली, संपली. बाई हलेनात. शेवटी साहेब वैतागून मला म्हणाले, "द्या हो तो मखमलीचा तागा! एकदाची हौस फिटू दे यांची."

त्यातून कोट किती निघतील, हा प्रश्न होता. माझं उत्तर बारा. बाईंनी कापडावर तळहात इकडून तिकडे फिरवला, पुठ्ठ्याचे साचे मांडले आणि म्हणाल्या, "अकरा."

"बारा बसतात, बाई," मी हळूच म्हणालो.

"बसवा की, भाऊ."

मी बसवले. अर्धे साचे उलटे फिरवले तेव्हा कुठे बारावा बसला.

"आता हात फिरवून बघा. इकडून मऊ, तिकडून खरखरीत. लव उलटी झाली की एक बाही काळपट आणि एक उजळ. असला कोट घालून तुम्ही स्वतःच्या लग्नात तरी उभे राहिला असता का?"

सगळा हॉल हसला. मला मात्र त्यांचे पेपर आठवले. दोन्ही वेळा जवळजवळ कोरे. फक्त ज्या प्रश्नात याच मखमलीच्या ताग्याची आकृती होती, त्यापुढे लिहिलं होतं, अकरा. आणि दोन्ही वेळा मी त्यावर काट मारली होती.

चारचौघांत बोलायची मला सवय नाही. तरी बोललो, "साहेब, बाई बरोबर होत्या. चुकलो मी."

साहेबांनी स्वतः मखमलीवर एकदा इकडून, एकदा तिकडून हात फिरवून बघितला. मग परीक्षा कागदाऐवजी कापायच्या टेबलावर घ्यायची ठरली. बाईंनी ती दिली आणि पुढे नऊ वर्षं मुख्य कटर म्हणून काम केलं.

त्या निवृत्त झाल्या त्या संध्याकाळी आम्ही बस थांब्यावर भेटलो. नंतर गाठ पडलीच नाही.

"भाऊ, ही बस आली, तिची पाटी वाचता का जरा?"

"स्टेशनची आहे."

"मग तुमची. जा तुम्ही, मी इथेच उभी आहे."

"बरं, येतो."