भिंतीवरचं भुशाचं पोतं

दसऱ्यानंतरच्या मंगळवारी सकाळी साडेसहा ते पावणेआठ या वेळात मार्केट यार्डातल्या एका जुन्या गोदामाच्या भिंतीवरून उठावशिल्पाच्या सहा सिमेंटच्या फरशा उतरवण्यात आल्या. त्यातल्या पाच संध्याकाळी संग्रहालयात पोचल्या. पहिली पोचली नाही. फरशा उतरवणाऱ्या हमालांच्या टोळीचे मुकादम माझ्या बावीस वर्षांच्या ओळखीचे होते.

मुकादम माणसं चपलांवरून ओळखायचे. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेऊन चाळीस वर्षं चाललेल्या माणसाची नजर पोतं उतरल्यावरही जमिनीवरच राहते. मी तेव्हा एका दैनिकासाठी बाजारभाव आणि यार्डाच्या बातम्या गोळा करायचो. गाळ्याच्या कट्ट्यावर बसलेले मुकादम मान वर न करता म्हणायचे, "या, पेपरवाले. डावी टाच झिजली तुमची. पाय फरपटताय. आज बातमी न्हाई वाटतं." बातमी खरोखरच नसायची. यार्डातल्या एका बड्या अडत्याने नवे बूट घातले, त्या दिवशी मुकादमांनी त्याला रामराम केला नाही. तो रागावला तेव्हा म्हणाले, "शेठ, पायात दुसऱ्याचं घालून आलात, मी काय करू?"

मुकादम वेल्ह्याकडचे. त्यांच्या टोळीत चौदा माणसं होती आणि कामाचे दोन नियम होते. पहिला, पोतं एकट्याने पाठीवर घ्यायचं नाही. पोतं उतरवायला एक माणूस पुरतो, चढवायला मात्र मागे कोणीतरी लागतोच. ज्याने एकट्याने चढवलं त्याचा मणका गेला, हे त्यांनी पाहिलं होतं. दुसरा नियम थप्पीचा. पोती एकावर एक आडवी रचायची. खाली दोन ओंडके टाकायचे, म्हणजे ओल लागत नाही. आणि जो माल सगळ्यात जपायचा, तो तळाला घालायचा. "वरचं घसरतंय, मधलं कुणीबी भोसकतंय," ते सांगायचे. "तळाच्याला हात लावायला आधी सगळी थप्पी हलवाय लागती."

गोदाम व्यापाऱ्यांच्या एका जुन्या मंडळाचं होतं. धान्याचा बाजार पेठेतून गुलटेकडीच्या या यार्डात आला, त्या सुमारास मंडळाने एका चित्रकला शिक्षकाकडून भिंतीवर ते शिल्प करून घेतलं होतं. पहिल्या पाच फरशांवर पोती वाहणारे हमाल होते, कमरेत वाकलेले, एकामागे एक. सहाव्या फरशीवर लोडाला टेकलेला व्यापारी होता, एक पाय पोत्यावर ठेवलेला. रांगेतल्या चार हमालांचे चेहरे पोत्यांच्या सावलीत गेले होते. पहिल्या फरशीवरच्या हमालाने तेवढा चेहरा बाहेर वळवला होता. शिक्षकाने तो मुकादमांच्या थोरल्या भावावरून, राघूदादावरून घडवला होता.

हे मुकादमांनी मला अनेकदा सांगितलं. सांगण्याची पद्धत ठरलेली होती. शिक्षकाने राघूदादाला चार दिवस गोदामात उभं केलं. धान्याचं पोतं घेऊन एवढा वेळ उभं राहणं शक्य नव्हतं, म्हणून पोत्यात भुसा भरला. "लोक म्हणत्यात, किती ओझं दाखवलंय," मुकादम म्हणायचे. "भिंतीवरच्या पोत्यात भुसा हाय. दादानं जलमात एवढंच एक हलकं पोतं उचललं." पुढच्या वर्षी राघूदादा कावीळ होऊन गेले. त्यांचा फोटो कधी काढला गेला नव्हता. दर दसऱ्याला टोळी पोती उचलायच्या लोखंडी आकड्यांची पूजा करायची. त्या पूजेतली झेंडूची एक माळ मुकादम पहिल्या फरशीला घालायचे. बाकीच्या फरशांना माळ नसायची.

शिल्प काढून टाका, ही मागणी मुकादमांच्या मुलीने केली.

वैशाली हिंजवडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायची. हमालांच्या मुलांमधली ती पहिली इंजिनियर. तिच्या मागे आणखी पंधरा-वीस जण होते. कोणी बँकेत, कोणी कॉल सेंटरवर. त्यांचं म्हणणं निवेदनात एका वाक्यात होतं: आमच्या बापांना शेठच्या पायापुढे कायमचं वाकवून ठेवणारी भिंत आम्हाला रोज पाहायची नाही. निवेदन मी वाचलं. त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं.

मंडळाने सभा बोलावली. भिंत ठेवावी म्हणणाऱ्यांत सदाशिव पेठेतले एक निवृत्त इतिहास शिक्षक होते. ते म्हणाले, "इतिहास म्हणजे भाडेकरू नव्हे, नकोसा झाला की सामान बाहेर काढायला."

वैशाली उठली. "सर, मग आपण तो आपल्या घराच्या भिंतीवर लावून घ्या. रोज सकाळी चहा पिताना आपल्यालाही दिसेल."

"माझ्या भिंतीला पोपडे आलेत, बाई. तिला एवढा इतिहास पेलायचा नाही."

"आमच्या बापांच्या पाठीला पेलला तो."

एका वृद्ध हमालाने विचारलं, "पोरी, त्यात तुझा चुलता हाय. त्याचं काय?"

"काकांचा चेहरा मलाही हवाय," ती म्हणाली. "पण ते बाजारात वाकले, भिंतीवरही वाकलेलेच का राहायचे?"

सगळे मुकादमांकडे पाहू लागले. ते समोरच्या रांगेतल्या चपला पाहत होते. मान वर न करता म्हणाले, "वाकल्याबिगर पोतं वर येत न्हाई. वाकलेला हाय, पडलेला न्हाई." मग म्हणाले, "पण पोरगी खोटं बोलत न्हाई. तिला ते बघून लाज वाटत असंल तर मी तिला बघच म्हणणार न्हाई."

तोडगा निघाला. फरशा शहरातल्या एका छोट्या संग्रहालयात जाणार होत्या. तिथे कामाचा इतिहास हमालांच्या शब्दांत लिहिलेला फलक लागणार होता. वैशालीला हा तोडगा मान्य झाला, इतिहासाच्या शिक्षकांनाही. मुकादमांनी एकच अट घातली. "बाहेरचा ठेकेदार नको. दादाला आमीच उतरवणार."

मंडळाला यात सोयच दिसली. संग्रहालयाच्या पत्रात लिहिलं होतं की फरशा काळजीपूर्वक उतरवून एकत्र ठेवाव्यात, टेम्पो येऊन नेईल. कशा ठेवाव्यात, ते लिहिलं नव्हतं.

त्या मंगळवारी मी हजर होतो. भिंतीतले खिळे आधीच सैल केलेले होते. पहिली फरशी चौघांनी उतरवली, मुकादम समोरून हात लावून. भिंतीपासून खालपर्यंत त्यांनी हात काढला नाही. दसऱ्याची माळ तशीच होती, सुकलेली. ती त्यांनी काढून खिशात ठेवली. मग जमिनीवर दोन ओंडके टाकायला सांगितले, वर दुहेरी बारदान घातलं आणि म्हणाले, "दादाला तळाला घ्या. थप्पी लावा."

दुसरी फरशी तिच्यावर आली, बारदानाचे थर देत देत तिसरी, चौथी, पाचवी. सहावी, शेठची, सगळ्यात वर. थप्पी सरळ होती, एका रेषेत. टोळीने हात झटकले. सिमेंटची फरशी आडवी रचायची नसते, भिंतीला टेकवून उभी ठेवायची असते, हे तिथे कोणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

नऊला येणारा टेम्पो साडेतीनला आला. संग्रहालयाच्या माणसाने थप्पी पाहिली आणि तो बारदान उचलायला लागला. पाच फरशा उतरल्या. पहिली फरशी दोन ओंडक्यांच्या मधोमध मोडली होती. अकरा मोठे तुकडे होते. पोतं शाबूत होतं, खांदा शाबूत होता. मोडली होती ती नेमकी चेहऱ्याच्या जागी आणि तिथल्या सिमेंटची भुकटी झाली होती.

मुकादम खाली बसले. त्यांनी भुकटीवरून हात फिरवला, तो पाहिला, धोतराला पुसला नाही. संग्रहालयाचा माणूस म्हणाला, "मुकादम, उभ्या ठेवायला हव्या होत्या हो." ते म्हणाले, "पोती उभी ठेवत न्हाईत, सायेब."

मग त्यांनी मला विचारलं, "पेपरवाले, तुमच्याकडं फोटू असंल की."

खिशात मोबाइल आले होते, त्यांत कॅमेरे अजून आले नव्हते. पण निवेदनाच्या दिवशी आमच्या छायाचित्रकाराने भिंतीचे फोटो काढले होते. मी कचेरीत जाऊन ते काढून पाहिले, छापलेले आणि न छापलेलेही. एकूण चार होते. मुलांनी कापडी फलक दोन बांबूंना बांधून भिंतीसमोर धरला होता. चारही फोटोंत पहिली फरशी फलकाच्या मागे होती. फलक नीट वाचता येईल असा फोटो हवा, असं छायाचित्रकाराला मी सांगितलं होतं. संग्रहालयाने आणि मंडळानेही शोध घेतला. कोणाकडे दुसरा फोटो निघाला नाही.

वैशाली त्या दिवशी अर्धी रजा टाकून पाचच्या सुमारास यार्डात आली. तोवर मुकादमांनी अकरा तुकडे आणि पसाभर भुकटी एका रिकाम्या पोत्यात भरून तोंड दाभण-सुतळीने शिवलं होतं. टोळीतला एकजण म्हणाला, "हातगाडी आणतो." मुकादम नको म्हणाले. ते गुडघ्यांत वाकून पोत्याकडे पाठ करून उभे राहिले आणि वाट पाहू लागले. टोळीतलं कोणी पुढे झालं नाही. का झालं नाही, ते मी नंतर विचारलं. "आमाला वाटलं, पोरगी हात लावंल," असं उत्तर मिळालं.

वैशालीने खांद्यावरची पर्स खाली ठेवली. पोत्याचे दोन्ही कान धरले. तिला ते पहिल्यांदा उचलता आलं नाही.

"आबा, मला नाही जमत."

"गुडघा लाव मागनं. कमरेनं उचलू नगं."

तिने गुडघा लावला आणि पोतं त्यांच्या पाठीवर चढवलं. बाहेरच्या दरवाजापर्यंत तिने हात काढला नाही. तिथून दोघं रिक्षाने बिबवेवाडीला घरी गेली. वाटेत ती काय बोलली, ते तिने मला सांगितलेलं नाही.

मुकादम त्यानंतर यार्डात आले नाहीत. दोन वर्षांनी ते आजारी असल्याचं कळलं आणि मी वैशालीच्या फ्लॅटवर गेलो. बूट दाराबाहेर काढले. मुकादम पलंगावर उताणे होते, उशीला टेकलेले. चोवीस वर्षांत त्यांनी माझा चेहरा नीट पाहण्याची ती पहिलीच वेळ. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि मुलीला विचारलं, "कोण?"

वैशाली बाहेर गेली, माझा डावा बूट घेऊन आली आणि त्यांच्यासमोर धरला.

"पेपरवाले," ते म्हणाले. "अजून टाच लावली न्हाई."

मी बसलो. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "फोटू सापडला?"

मी नाही म्हणालो. त्यांनी मान हलवली.

अकरा दिवसांनी, पहाटे, मुकादम गेले. त्यांचा पासपोर्ट आकाराचा एक फोटो वैशालीने रेशनकार्डासाठी काढून ठेवला होता. तो मोठा करून तिने भिंतीवर लावला. त्यात ते खाली पाहत आहेत.

संग्रहालयात आज पाच फरशा आहेत, दोन ते सहा अशा क्रमांकांच्या. पोतं वैशालीकडे बाल्कनीच्या दाराशी आहे. खाली दोन ओंडके आहेत. सुतळीची शिवण उसवलेली नाही.