पंचांना जेवू गावानं घालायचं

माझं माहेर कळंबचं, हायवेच्या कडेचं. दारात आलेल्या माणसाला पाणी हवंय का असं विचारत बसायचं नाही. तांब्या पुढं करायचा आणि सोबत गुळाचा खडा. खोडदच्या बाजूला सून म्हणून आले तरी ही सवय काही सुटली नाही, आणि तिच्यापायी सासरी केवढं रामायण झालं!

विहीर आमची आणि चुलत दिरांची सामाईक. सासरे गेले आणि मोटर कुणी किती दिवस चालवायची यावरून दोन घरांत वाजलं. आठवड्यातले तीन तीन दिवस दोघांना कबूल, भांडण उरलेल्या एका दिवसाचं. जुन्नरच्या कोर्टात दावा पडला. तारखांना जाऊन जाऊन चपला झिजल्या, तेव्हा दोन हजार सालच्या आसपास ठरलं की गावात पंच बसवायचे आणि ते म्हणतील तशी कोर्टात तडजोड लिहून द्यायची. आमचा उन्हाळी कांदा त्या एका दिवसाच्या पाण्यावर उभा होता.

पाच पंच तीन दिवस देवळात बसणार होते. मी आपली सहज बोलून गेले, जेवण एक दिवस आपण करू, एक दिवस दिरांच्या घरचे करतील. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं येडे, पंचांना गाव घालतं जेवाया. आपलं न्हाई चालत, त्यांचंबी न्हाई."

ग्रामसभेत एकजण कुरकुरलाच. "भांडाण त्यांचं, आन पीठ आमी का म्हून द्यायचं?" तिथले किराणावाले शेठ म्हणाले, "उद्या तुझा बांध कुणी कोरला राव, तर त्याच्या घरी जेवलेले पंच तुला चालतील का?" दुसऱ्या दिवशी पहिलं पीठ त्या कुरकुरणाऱ्याच्याच घरनं गेलं.

कोतवाल पोतं घेऊन घरोघर फिरला. मी बाजरीच्या पिठाची परात घेऊन उंबऱ्यात उभी, आणि तो आमच्या दारावरून सरळ पुढं! दिरांच्या दारावरूनही तसाच गेला. "तुमचं चालत न्हाई, वैनी," एवढंच बोलला. आधी मला अपमान वाटला, खोटं का बोलू. मग तो पुढच्या घरांतून पीठ घेताना बघत राहिले. ज्यांच्या घरी स्वतःलाच पुरत नव्हतं त्यांनीही ओंजळभर पीठ घातलं होतं, आमचा न्याय नीट व्हावा म्हणून. असलं काही मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

पंचांत सगळ्यात वडील होते ते आबा. सासऱ्यांचे जिवाभावाचे मित्र. विहीर खोदताना दोघं एकत्र राबलेले. ते असल्यावर तो दिवस आपलाच, असं आमचे मालक धरूनच चालले होते. पंच बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी भर उन्हात आबा एकटेच विहीर बघायला आले. मी नेहमीसारखा तांब्या नेला, हातावर गूळ ठेवला. आबा त्या गुळाकडं जरा वेळ बघत राहिले. मग खडा तोंडात टाकला, घटाघटा पाणी प्यायले आणि "बरं वाटलं, पोरी," म्हणून निघाले.

तासाभरानं देवळात ते उभे राहिले. "मी आज यांच्या घरचा गूळ खाल्ला. मला उठाया पायजे."

मालक म्हणाले, "अवो आबा, गुळाच्या खड्यानं काय व्हतंय?" दीरसुद्धा म्हणाले, "बसा, माझी काय हरकत न्हाई."

"तुझी नसंल. मी जेवतोय गावाचं," म्हणत आबा पंचांतून उठले आणि पार मागं चपलांपाशी जाऊन बसले.

उरलेल्या चौघांनी तो दिवस दिरांना दिला. दोन्ही घरांनी मुकाट मान्य केलं. मालक मला घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "केलंस वाटोळं." मग अबोला.

दोन दिवसांनी जेवणवेळेला आबा दारात हजर. "वाढ पोरी, आता तुझ्या घरचं चालतंय." मालकांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. मी पिठलं-भाकरी वाढली आणि मला रडूच फुटलं. "माझ्यामुळं झालं हो, आबा. मी आपली सवयीनं..."

"तू सवयीनं दिलास. मी जाणून खाल्ला," आबा म्हणाले. "पैल्या दिसापास्नं माझं मन तुमच्याकडंच व्हतं. तुझा दीर बोलाया लागला का मला ऐकूच येईना. असल्या माणसानं गावाची भाकरी खाऊन तितं बसायचं? उठाया निमित्त शोधत व्हतो. ते तू हातावर ठिवलंस."

संताप आला मला. सुकायला लागलेले कांद्याचे वाफे डोळ्यांपुढं, आणि हा माणूस आमचं पाणी जाणूनबुजून सोडून आमच्याच घरात जेवत होता! पण त्याच्या तोंडाकडं मला बघवेना. इतका मोठा माणूस पुढ्यात बसलेला मी आधी कधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

ताटातली भाकरी संपली होती. मालक उठले, टोपलीतली भाकरी घेऊन स्वतःच्या हातानं त्यांना वाढली आणि म्हणाले, "सावकाश जेवा, आबा."