वीजघराचं चाक
सायकलच्या दुकानात ग्रीसचा वास आला की मला बोईसरच्या पूर्वेकडचं ते जुनं वीजघर आठवतं. त्याला पाणी आणणाऱ्या, पुढे सोडून दिलेल्या कालव्यात रान माजलं होतं. पण आमच्या गावातला पहिला दिवा याच कालव्याच्या पाण्यावर लागला होता. ग्रामपंचायतीने वीजघर भंगारात काढायचं ठरवलं, तेव्हा ते वाचवायला आम्ही गावातल्या पोरापोरींनी पत्रकं वाटली, घोषणा दिल्या. सरपंच वैतागून म्हणाले, "टर्बाइनचं चाक फिरलं तर ठेवू, नाय तर आजच कापू." बोईसरहून गॅसकटर घेऊन आलेला कामगार उभाच होता. मी चाकाला अक्षरशः लोंबकळले. चाक ढिम्म. तिथे आयुष्यभर राबलेले म्हातारे ऑपरेटर हसले. "पोरी, दम हाय तुज्यात, पन यंत्र भाषणानं हलत नाय. बाजूला हो." त्यांनी बेअरिंगवरचं कुंभारमाशीचं घर काडीने कोरून काढलं, तेल सोडलं आणि ते आत मुरेपर्यंत बिडी ओढत बसले. मग लाकडी दांडक्याचं एक टोक बेअरिंगला आणि दुसरं कानाला लावून, आतला आवाज ऐकत ते चाकाला हळूहळू मागेपुढे चाळवू लागले. "सुटलं बग," ते म्हणाले, आणि एका हाताने त्यांनी चाक गरकन फिरवलं. कामगाराने कटर खाली ठेवला. "चाचा, एक बार मैं भी घुमाऊँ?" चाक आजही तिथेच आहे. मी अजून पत्रकं लिहिते, तितक्याच रागाने लिहिते. पण ज्या कामाबद्दल लिहायचं, ते करणाऱ्या माणसाशेजारी आधी अर्धा दिवस गप्प बसते.