जुनापाणीची चूल

नागपूरच्या सदर भागातला आमचा दातांचा डॉक्टर चिनी होता, पण जन्म इथलाच. दाताला चिमटा लावण्याआधी तो न चुकता म्हणायचा, "थोडं दुखन, भाऊ." खोटा धीर त्यानं कुणाला दिल्याचं मला आठवत नाही.

एका रविवारी आम्ही घरची मंडळी गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर रोडगे भाजायला शहराबाहेरच्या जुनापाणीला निघालो, तेव्हा त्यालाही सोबत नेलं. तिथली दगडांची मोठमोठी रिंगणं म्हणजे हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांच्या कबरी, हे वाटेत मीच ऐटीत सांगितलं. त्यानं विचारलं, "त्याइले भेटाले आता कोण येते?"

"कोण येणार? आपल्यासारखे पिकनिकवाले," मी हसत म्हणालो.

पोचल्यावर बायकोला वांग्याच्या भाजीसाठी चूल हवी होती. मी एका रिंगणातले तीन लहान दगड उपटून मांडले. डॉक्टर पोटभर जेवला, तिच्या भाजीचं त्यानं कौतुकही केलं.

निघताना तो दिसेना. पाहतो तर रिंगणापाशी उकिडवा बसलेला. काजळी धरलेले ते दगड प्यायच्या पाण्यानं धुऊन, रुमालानं पुसून तो ज्याच्या त्याच्या खळग्यात बसवत होता. कोणता कुठला, हे मी उपटतानाच त्यानं पाहून ठेवलं होतं.

"राहू द्या ना, डॉक्टर. कोण पाहते इथं?"

"माह्या आजोबाची कबर चीनमध्ये आहे, भाऊ. मी कधी पाहिली नाही," तो मान वर न करता म्हणाला. "तिथं आता कोण चूल मांडून राहिलं असन, काय मालूम."

थोडं दुखेल, असं या वेळी त्यानं आधी सांगितलं नव्हतं.