घोटाघोटानं

प्रिय रोहन आणि मीरा,

परवा फोनवर मीराने सांगितलं, की शाळेत त्यांनी पांढऱ्या फुलाचा देठ निळ्या पाण्यात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पाकळ्या निळ्या झाल्या. "आजी, फुलाने वॉटर अॅब्सॉर्ब केलं. त्याला मराठीत काय म्हणतात?" मी "शोषलं" असं सांगून टाकलं आणि दिवसभर ते मनाला टोचत राहिलं. कारण हे उत्तर ऐकून माझे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, ताटावरून उठले असते. "शोषण पुढारी करतात, मेहुणीबाई," ते म्हणायचे, "झाड पितं." तुम्ही भाऊजींना पाहिलं नाही, ताईलाही नाही. त्या दोघांना जवळून ओळखणारी आता मीच उरले आहे, म्हणून हे आजच लिहिते.

कोण किती पाणी पितं यावर माझ्या भाऊजींइतकी बारीक नजर ठेवणारा माणूस उभ्या नाशिक जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. माणसांचं सोडा, ते वस्तूंच्या पिण्याकडे बघायचे. नवा माठ घरी आणला की पहिल्यांदा पाणी भरून ते त्याला कान लावून बसायचे. येईल त्याला बसवायचे. "ऐका, पितोय." आणि खरोखरच आतून बारीक चुरचुर ऐकू यायची. टॉवेल घ्यायला मेनरोडवर गेले तर खिशातल्या बाटलीतले चार थेंब दुकानदाराच्या देखत टॉवेलवर टाकायचे. थेंब घरंगळला तर म्हणायचे, "हा पाण्याला ओळखच दाखवत नाही, दुसरा काढा." चहात बुडवायच्या बिस्किटांचे त्यांनी दोन वर्ग केले होते, आधाशी आणि सोशिक. आधाशी बिस्किटं ते पाहुण्यांना द्यायचे नाहीत, कपात पडून पाहुण्याची फजिती होते म्हणून. भजी निथळायला मी एकदा इंग्रजी पुरवणीचा गुळगुळीत कागद घेतला, तर तेल तसंच वर तरंगत राहिलं. भाऊजींना कोण आनंद! "बघा, मेहुणीबाई, तुमच्या इंग्रजीला साधं तेल पिता येत नाही. नुसती मिजास!"

शब्दांच्या बाबतीत तर ते फारच कडक होते. फडकं टिपतं, पिळलं की परत देतं. जमिनीत पाणी जिरतं, मग वर काही दिसत नाही. लोणच्यात मीठ मुरतं, म्हणजे आत राहतं आणि फोडीला पहिल्यासारखं राहू देत नाही. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, पण हा फरक मला साठ रुपयांच्या लिंबांचं लोणचं घालताना त्यांच्याकडून कळला.

हे वेड त्यांना नोकरीतून लागलं की वेड पाहूनच नोकरी मिळाली, देव जाणे. नव्वदच्या सुमारास ते ठिबक सिंचनाची नळी विकणाऱ्या एका कंपनीत होते. निफाडकडच्या द्राक्षबागांत स्कूटरवरून हिंडून शेतकऱ्यांना सांगायचे, की वेल घोटाघोटानं पिते, तिला पाट भरून पाणी देऊ नका. त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "हळू द्या, नाहीतर वाहून जाईल." एक म्हातारे बागाईतदार काही केल्या ऐकेनात. "सायेब, ढोराला बी कोनी चमच्यानं पाजत नाय. थेंबाथेंबानं येलीची तहान भागंल व्हय?" पुढच्या खेपेला त्यांनी भाऊजींपुढे रिकामा कप ठेवला आणि समोर बसून चमच्याने त्यात चहाचा एकेक थेंब सोडायला लागले. "घ्या सायेब. हळू द्यायचं म्हनलं व्हतं ना तुमी?" भाऊजी उठले नाहीत. अर्धा तास बसून तो कप भरू दिला, गार चहा प्याले आणि नळीची ऑर्डर घेऊनच घरी आले. ताई हा किस्सा सांगताना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची.

मग ताईची मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, आणि दिवसाला पाऊण लिटर पाणी, तेसुद्धा चहा, आमटी, औषधं सगळं धरून. एप्रिल महिना होता. ताईला लहानपणापासून पाण्याची भारी आवड. शाळेतून आली की दप्तर खाली ठेवायच्या आधी तांब्या तोंडाला लावायची. आता तिला एकच गोष्ट हवी होती, माठातलं पेलाभर पाणी, एका दमात. आणि ती गोष्ट न देण्याचं काम भाऊजींकडे आलं.

त्यांनी ते कसं केलं हे मी पाहिलं आहे. औषधाच्या ड्रॉपरने ते तिच्या जिभेवर पाणी सोडायचे. बर्फाचा कण करंगळीच्या नखाएवढा फोडायचे. कोणत्या पदार्थाने किती पाणी प्यालेलं असतं हे त्यांना तोंडपाठ होतं. पूर्वी आम्ही त्या ज्ञानाला हसायचो, आता त्यावर ताईचा दिवस चालत होता. ताई म्हणायची, "अहो, मी बायको आहे की द्राक्षाची बाग?" ते म्हणायचे, "बागेने इतका त्रास दिला नव्हता." त्यांनी तिच्यासमोर पाणी पिणंच सोडलं. मागच्या नळाशी जाऊन ओंजळीने प्यायचे आणि साळसूदपणे आत यायचे. ताई डोळे मिटूनच म्हणायची, "मिशी पुसा आधी."

तिच्या पाण्याचा हिशेब लिहायला मी एक वही करून दिली होती. वेळ, पदार्थ, पाणी, असे तीन रकाने. आखीवरेखीव कामात माझा हात कोण धरणार! एका चतुर्थीला भाऊजी औषधं आणायला गेले आणि ताई म्हणाली, "सुमे, वाटीभर खिचडी कर ना गं. कोरडीच असते ती." माझ्या उपासाचा साबुदाणा तयार होताच. शेंगदाणे आणि बटाटा तिला वर्ज्य होते, ते मी घातले नाहीत. मला स्वतःचं कौतुकच वाटलं. तिने दोन वाट्या मिटक्या मारत खाल्ल्या. वहीत मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: साबुदाणा खिचडी. पाणी: शून्य.

भाऊजी आले, वही वाचली आणि पायातली चप्पल न काढता खुर्चीवर बसले.

"मेहुणीबाई, साबुदाणा कशात भिजवला होता?"

"कशात म्हणजे? पाण्यात."

"ते पाणी कुठे गेलं?"

मी पातेल्याकडे बघितलं. त्यात टिपूस नव्हता. उरलेला प्रत्येक दाणा फुगून टपोरा झाला होता.

संध्याकाळी ताईला धाप लागली. डायलिसिस एक दिवस आधी करावं लागलं. माझ्या खिचडीनेच ते झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत, मीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी वही उघडली तर माझं शून्य तसंच होतं. फक्त तीन रकान्यांच्या शेजारी भाऊजींनी पेन्सिलीने चौथा रकाना आखला होता. वर लिहिलं होतं: आधीच प्यालेलं.

दीड वर्ष असं गेलं. मग एके दिवशी डॉक्टरांनी भाऊजींना बाजूला घेतलं. "घरी न्या. आता मागतील ते द्या." घरी आल्यावर भाऊजींनी स्टीलचा मोठा पेला माठातून काठोकाठ भरला. पलंगापर्यंत आणताना वाटेत फरशीवर पाण्याची ओळ उमटली. ताईने पेल्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं. भाऊजींनी पेला तिच्या ओठांना लावला. ती दोन घोट प्याली. तिसरा हनुवटीवरून गळ्यात ओघळला.

"हळू द्या," ताई म्हणाली, "नाहीतर वाहून जाईल."

ती हसली. आणि "पुरे" म्हणाली. तिसऱ्या दिवशी ती गेली.

पेल्यातलं उरलेलं पाणी भाऊजींनी मोरीत ओतलं नव्हतं. ते अंगणात गेले आणि कढीपत्त्याच्या बुंध्याशी त्यांनी ते ओतलं, अगदी सावकाश, धार न तुटू देता. मी दारात उभी होते. कोरड्या मातीवर पाणी क्षणभर थांबलं आणि गेलं. पुढे आठ वर्षं ते त्या घरात एकटे राहिले. लोक समजूत घालायचे, "दुःख हळूहळू जिरतं हो." भाऊजी तेवढ्यातही शब्द दुरुस्त करायचे. "जिरत नाही. मुरतंय." पण ओंजळीने पाणी प्यायला ते मागच्या नळाशीच जायचे, आणि आत येताना मिशी पुसायचे.

मीरा, तुझ्या फुलाने पाणी शोषलं नाही, ते पाणी प्यालं. बाईंना तसं सांग.

भाऊजी गेल्यावर ते घर विकलं. नवीन मालकांनी पुढचं अंगण फरशी घालून बंद केलं, पण कढीपत्त्याभोवती हातभर माती मोकळी ठेवली आहे. झाड अजून आहे.