आईच्या ओठांवर दुसऱ्याचं गाणं

माझ्या लग्नाच्या व्हिडिओत आई जवळजवळ सगळा वेळ गाते आहे, आणि तिचा आवाज त्यात कुठेही नाही.

नेरुळजवळच्या आमच्या सारसोळे गावात लग्नाला धवलारीण लागतेच. भटजी नंतर, आधी ती. हळदीपासून पाठवणीपर्यंतचा एकेक विधी ती गाऊन पार पाडते, त्या गाण्यांना धवला म्हणतात. आमच्या आळीची धवलारीण म्हणजे माझी आई. स्वतःच्या पोरीच्या लग्नात तिनं गाऊ नये, बाहेरची बाई बोलवावी, असं मावशांचं म्हणणं होतं. आईनं त्यांना उडवून लावलं. रडायचं राहिलं तर नंतर रडेन, म्हणाली.

व्हिडिओवाला नेरुळचा. त्या धंद्यात एक रीत आहे, आणि ती आमच्याकडे इतकी अंगवळणी पडली आहे की तिला कुणी चूक म्हणत नाही. शूटिंगमधला खरा आवाज काढून टाकायचा आणि वर सिनेमाची गाणी चढवायची. आई डोळे मिटून गाते आहे, हात हलवते आहे, आणि तिच्या तोंडून कुठल्याशा गायिकेचं व्हायोलिनवालं गाणं बाहेर पडतं आहे. नवीन नवीन असताना आम्ही ते बघून पोट धरून हसलो होतो. आईसुद्धा हसली होती. तेव्हा तिचा आवाज स्वयंपाकघरातून दिवसभर फुकट येत होता, त्याची कुणाला किंमत?

मी बेलापूरच्या एका कॉलेजात मल्टिमीडिया शिकवते. व्हिडिओ ही एक वस्तू नाही, हे मला दर वर्षी नव्यानं सांगावं लागतं. तो डबा आहे. एका कप्प्यात चित्रं, सेकंदाला पंचवीसच्या आसपास. दुसऱ्या कप्प्यात आवाज, म्हणजे हवेच्या थरथरीची सेकंदाला हजारो वेळा घेतलेली मापं. दोन्हींना एकाच घड्याळानं बांधलेलं असतं म्हणून आपल्याला वाटतं की माणूस बोलतोय. आवाजाचा कप्पा रिकामा करून त्यात दुसरं काही भरलं तर चित्राला त्याचा पत्ताही लागत नाही. मुलं जांभया देत लिहून घेतात.

गेल्या वर्षी आई हृदयविकारानं गेली. वर्षश्राद्ध झालं आणि बाबांनी धवल्याचा हट्ट धरला.

"तिचा धवला लाव. मना आयकाचा हाय."

तिच्या आवाजातले निरोप माझ्या फोनमध्ये आहेत. येताना बाजारातून कोलीम आण, गोळी घेतलीस का, असले. ते मी त्यांना ऐकवले. दोन-तीन ऐकून त्यांनी फोन परत दिला. "ही तुज्याशी बोलते," म्हणाले, "धवला लाव."

मी व्हिडिओवाल्याकडे गेले. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला, आणि कॅमेऱ्याची कार्डं कधीच फॉरमॅट केली म्हणाला. "मॅडम, पेनड्राइव्ह दिला की आम्ही कार्ड पुढच्या ऑर्डरला वापरतो. आणि त्या ऑडिओमध्ये खूप खरखर होती, बायकांचा आवाज होता नुसता." मला संताप आला. अरे, बायकांचाच आवाज होता, दुसरं काय असणार होतं? पण त्याला बोलून काय उपयोग? नातेवाइकांचे फोन पालथे घातले. सगळ्यांकडे हळदीचा डीजे ठासून भरलेला. धवल्याच्या वेळी एकानंही फोन वर केला नव्हता.

कॉलेजातला एक सहकारी म्हणाला, मिसळलेले दोन आवाज आता वेगळे करता येतात. येतात, मीच शिकवते ते. पण इथे मिसळलेलं काही नव्हतंच. खालचा आवाज आधी पुसला होता आणि मग वरचा भरला होता. तो म्हणाला, मग निरोपांवरून मशीनला आवाज शिकव, ते गाऊन दाखवेल. मी त्याच्याशी त्या दिवशी पुन्हा बोलले नाही.

शेवटी बाबांना खरं सांगायला गेले. दुपारची जेवणं झाली होती. टीव्हीवर व्हिडिओ लावला, वर चढवलेलं सिनेमाचं गाणं बंद केलं आणि सांगितलं, "बाबा, आवाज नाय उरला. कुठंच नाय."

ते बराच वेळ आईचे हलणारे ओठ बघत बसले. मग एकदम पुढे सरकले.

"आता बग. धवल्यात नवरीच्या बापाचं नाव घ्याला लागतं. जलमभर तिनी मना 'अवो' केलं. नवऱ्याचं नाव घेत नाय म्हनायची. त्या दिवशी घेतलं, सगल्या मांडवात."

मला हे माहीतच नव्हतं. नवरी होते मी, मान खाली घालून बसले होते. आता पडद्यावर बघितलं. आईनं डोळे उघडले, कॅमेऱ्याच्या बाजूला कुणाकडे तरी पाहिलं, ओठ मिटले, उघडले. बाबांनी हळूच स्वतःचं नाव उच्चारलं. त्यांना जरा उशीर झाला. तोवर आई पुढच्या ओळीवर गेली होती.

"मागं घे," ते म्हणाले.

मी मागे घेतलं. त्यांनी पुन्हा म्हटलं, आणि पुन्हा त्यांना उशीर झाला.